कस्टमचा माल

नोकरीपायी मी आयुष्यात पुष्कळ वस्तूंची ड्रॉइंग्ज काढली. एअर कंडिशनरचे पंखे, त्या पंख्यांची घरं, त्या घरांना लागणारे ब्रॅकेट. त्या सगळ्या वस्तू दुसऱ्यांनी बनवल्या. पहिल्या स्क्रूपासून शेवटच्या पॉलिशपर्यंत मी स्वतःच्या हातानं केलेली वस्तू एकच, टेक्सासमध्ये असताना केलेली गाडी. ती फार सुंदर होती. हे नम्रपणे सांगणं मला जमत नाही, म्हणून मी तसा प्रयत्नही करत नाही.

मॉडेल एकोणसत्तर सालचं. दोन दारं, लांबलचक नाक आणि मध्यम आकाराच्या अंगात ट्रकला शोभेल असं आठ सिलिंडरचं इंजिन. अशा गाड्यांना अमेरिकन लोक मसल कार म्हणतात. आमच्या कंपनीतल्या एका वेल्डरच्या शेतावर ती मला दिसली. गोठ्यामागे उभी होती, तळाचा पत्रा गंजून खाली आला होता आणि मागच्या सीटवर एका कोंबडीनं संसार थाटला होता. इंजिन तर कुणीतरी आधीच काढून नेलं होतं. वेल्डरला ती जागा मोकळी हवी होती आणि मला ती गाडी हवी होती, त्यामुळे व्यवहार पाच मिनिटांत झाला. आमच्या लग्नाला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. अर्विंगमधल्या आमच्या भाड्याच्या घरासमोर टोइंगच्या ट्रकवरून ते धूड उतरलं, तेव्हा बायको दारात उभी होती. तिनं आत डोकावून पिसं पाहिली आणि म्हणाली, "अरे, गाडी आणलीस की कोंबडी?"

पुढची चार वर्षं मी त्या गाडीखाली, गाडीत आणि गाडीवर काढली. वेल्डिंग येत नव्हतं म्हणून कम्युनिटी कॉलेजात संध्याकाळचा वर्ग लावला. गंजलेला पत्रा कापून नवे तुकडे जोडले, ते घासून असे सपाट केले की हात फिरवला तरी सांधा लागत नसे. इंजिन भंगारवाल्याकडून आणलं आणि सगळं सुटं करून पुन्हा बांधलं. मूळ गाडी वळणावर बोटीसारखी कलायची, म्हणून खालचे दांडे बदलले, स्प्रिंगा बदलल्या. डॅशबोर्ड मी नवा आखला, कारण मूळच्या डॅशबोर्डवर घड्याळं अशा ठिकाणी होती की बघायला मान मोडावी लागे. सीटची कव्हरं मी आणि बायकोनं मिळून शिवली. गिअरची मूठ मात्र लाटण्याची होती. आईचं जाडजूड शिसवी लाटणं बॅगेत येताना चिरलं होतं. त्याचा धड राहिलेला भाग कंपनीच्या लेथवर चढवून मी त्याची मूठ केली. बायको म्हणे, निदान गिअर बदलताना तरी तुझ्या हातात लाटणं दिसतं.

रंगाची गंमत वेगळीच. रंगवाल्यानं मला रंगांचं जाडजूड पुस्तक दाखवलं. त्यात तांबड्याच्या पन्नास छटा होत्या, पण मला हवी ती नव्हती. मला आमसुली हवा होता. आता टेक्सासच्या माणसाला आमसुली कसा समजावणार? शेवटी दुसऱ्या दिवशी प्लॅस्टिकच्या पिशवीतून चार ओली आमसुलं घेऊन गेलो. त्यानं एक उचलून वास घेतला, दिव्याखाली धरलं आणि अर्धा दिवस खपून हुबेहूब तोच रंग काढून दिला. सावलीत जवळजवळ काळा आणि उन्हात आतून लाल. जाताना उरलेली आमसुलं त्यानं मागून घेतली.

एवढी गाडी विकायला का काढली, तर बायकोला दिवस गेले होते. दोन दारांच्या गाडीत मागच्या सीटवर बाळाची खुर्ची बसवणं म्हणजे कसरत. बाळाच्या सामानाला गॅरेजही हवं होतं. बायकोनं हट्ट धरला नाही, आदळआपट केली नाही. एकदा नुसती त्या मागच्या सीटवर चढून बसली आणि सातव्या महिन्याचं पोट घेऊन बाहेर कसं यायचं ते मला दाखव म्हणाली. मी दुसऱ्या दिवशी गाडीच्या काचेला पाटी लावली. वर्ष, इंजिन, आमचा फोन नंबर आणि सगळ्यांत मोठ्या अक्षरांत 'कस्टम'. कारखान्यातून आली तशीच ठेवलेली गाडी असेल तर तिला तिकडे स्टॉक म्हणतात. मालकानं आपल्या मनासारखी घडवली असेल तर कस्टम. त्या एका शब्दात माझी चार वर्षं होती, म्हणून तो मी लाल मार्करनं दोनदा गिरवला.

नेमके त्याच आठवड्यात मुंबईहून बाबा आले. आई जाऊन तीन वर्षं झाली होती आणि बाळंतपणाला बायकोची आई नंतर येणार होती, त्याआधीच बाबा आमच्याकडे. बाबा कस्टम खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. बोटींतून चोरून आणलेला माल पकडला की गोदीतल्या गोदामात यायचा, आणि त्याची यादी करायचं काम छत्तीस वर्षं बाबांकडे होतं. माणूस कमी बोलणारा. माझे मार्क, माझी नोकरी, माझं लग्न, सगळ्यावर त्यांचं म्हणणं एकच असे, "ठीक आहे." मला त्यांच्याकडून एकदा 'ठीक आहे'पेक्षा जास्त काहीतरी ऐकायचं होतं. गाडी जाण्याआधी त्यांनी एकदा माझ्या शेजारी बसावं, मी ती हायवेला घालावी आणि त्यांनी काहीतरी बोलावं. तीस ओलांडलेल्या माणसाला हे शोभत नाही, पण मला तेवढंच हवं होतं.

विमानतळावर त्यांना बायकोच्या छोट्या गाडीतून आणलं, कारण बॅगा. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांना गॅरेजमध्ये नेलं. गाडी मी आदल्या दिवशीच चकचकीत केली होती. बाबांनी हात पाठीमागे बांधून एक फेरी मारली. मी बॉनेट उघडलं, आतलं लखलखणारं इंजिन दाखवलं. ते बराच वेळ वाकून पाहत राहिले. मग म्हणाले, "नंबर कुठे असतो याचा?" मी नंबर दाखवला. त्यांनी तो चष्मा वर करून वाचला आणि "ठीक आहे" म्हणून आत चहाला गेले. मी तसाच बॉनेट धरून उभा.

त्याच संध्याकाळी ह्यूस्टनच्या एका मित्राचा फोन आला. त्याच्या ओळखीच्या कुणाला अशी गाडी हवी होती. मी स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बोलत होतो आणि बाबा शेजारच्या खोलीत पेपर वाचत होते. माझी वाक्यं मला अजून आठवतात, कारण पुढे ती मला शब्दशः ऐकवली गेली. "अरे यार, पूर्ण कस्टमचा माल आहे. असा बाहेर कुठे मिळणार नाही तुला." मग तिकडून काहीतरी प्रश्न. "नाही, इंजिन दुसऱ्या गाडीचं. नंबर मॅच नाही होत. चालतं यार, कोण बघतो? पेपर्सचं टेन्शन तू घेऊ नको, ते मी मॅनेज करतो." तो सौदा पुढे कॅन्सल झाला, पण मी फोन ठेवला तेव्हा बाबांच्या पेपराचा आवाज थांबला होता. मला त्याचं काही वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी देशी किराण्याच्या दुकानात जायचं होतं. मी मुद्दाम त्या गाडीची किल्ली घेतली. बाबा म्हणाले, "तू हो पुढे, मी चालत येतो."

दुकान दीड मैलावर. बाहेर ऊन असं की डांबर चपलेला चिकटावं. मी समजावलं, ते ऐकेनात. काळी छत्री उघडून ते निघालेच. अर्विंगमध्ये तेव्हा रस्त्यानं चालणारा माणूस म्हणजे गाडी बंद पडलेला माणूस. वाटेत तिघांनी थांबून त्यांना विचारलं, गाडी कुठे बंद पडली. बाबांनी तिघांनाही नम्रपणे सांगितलं की गाडी चालू आहे. दुकानात ते पोचले तेव्हा सदरा घामानं चिंब झाला होता आणि मी तूरडाळीपाशी रागानं धुमसत होतो. परत येतानाही ते चालतच आले. पुढे तीनदा असं झालं. बायकोच्या गाडीत बसत, माझ्या गाडीत नाही. एकदा तर मी दार उघडून धरलं होतं, आणि ते त्या उघड्या दाराला वळसा घालून गेले.

मी माझ्यापुरता अर्थ लावला. कुर्ल्याच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहून या माणसानं मला इंजिनियर केलं, ते टेबलाशी बसून काम करावं म्हणून. आणि मी नखांत ग्रीस घालून गॅरेजवाल्यासारखा जमिनीवर लोळतो. त्यांना माझी लाज वाटते. एकदा जेवताना मी ते बोलूनही टाकलं, आवाज चढवून. "गाडीखाली झोपतो मी, म्हणून लाज वाटते ना तुम्हाला?" बायकोनं माझ्या पायावर पाय दिला. बाबांनी घास खाली ठेवला. म्हणाले, "तू गाडीखाली झोपलास याची मला लाज नाही. जेव." ते 'याची' त्यांनी जरा दाबून म्हटलं होतं, पण माझं लक्ष माझ्या रागाकडे होतं.

शुक्रवारी एका गिऱ्हाइकाचा फोन आला, उद्या दहाला येतो म्हणून. मी गॅरेजमध्ये शेवटची पुसापुशी करत होतो, तेव्हा बाबा दारात येऊन उभे राहिले.

"उद्या माणूस येणार म्हणे."

"हो."

"लिलावाची पावती आहे ना तुझ्याकडे?"

"कसला लिलाव?"

"म्हणजे लिलावातूनही नाही." ते उपड्या बादलीवर बसले. "मग आणलीस कुठून?"

"सांगितलं होतं की पत्रात. एका वेल्डरकडून."

"त्याच्याकडे कुठून आली?"

"ते मला काय माहीत? त्याच्या शेतावर गोठ्यामागे पडून होती."

"लपवून ठेवली होती," बाबा म्हणाले. मग काचेवरच्या पाटीकडे बोट करून, "अरे, कस्टमचा माल असा उघड विकतात का? पाटी लावून? इंजिनाचा नंबर जमत नाही, कागद मॅनेज करतो, सगळं मी माझ्या कानांनी ऐकलं. छत्तीस वर्षं काढली मी तिथे. टाचणी घरी आणली नाही. आणि तू..."

मला समजायला क्षणभर लागला. सात वर्षं अमेरिकेत राहून तो शब्द माझ्या डोक्यात पार बदलून गेला होता. पण ज्या घरात मी वाढलो तिथे कस्टम म्हणजे एकच. बाबांचं खातं. आणि कस्टमचा माल म्हणजे पकडलेला, चोरीछुपे आणलेला माल, जो रीतसर घ्यायचा तर खात्याच्या लिलावातूनच. मी लगेच सगळा खुलासा केला, कस्टम म्हणजे इथे काय ते सांगितलं. चहा घेऊन आलेली बायको दाराच्या चौकटीला धरून, एक हात पोटावर ठेवून इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. मीही हसायला लागलो होतो. मग बाबांचा चेहरा पाहिला आणि थांबलो. नऊ दिवस हा माणूस आपला मुलगा चोरीचा माल विकतोय असं समजून माझ्या घरात राहिला होता. सुनेजवळ त्याबद्दल एक अक्षर बोलला नव्हता. फक्त त्या गाडीत बसला नव्हता.

माझ्या मनात काय आलं ते सांगायला हवं. राग यायला हवा होता, माझ्याबद्दल असं वाटलंच कसं म्हणून. तो आला नाही. मला त्यांचा अभिमान वाटला. आमच्या क्वार्टरमधल्या लोकांना कायम वाटायचं की यांचं घर परदेशी वस्तूंनी भरलेलं असणार. कुणी घड्याळ मागायला येई, कुणी सेंटची बाटली. बाबा रोज संध्याकाळी मोकळा डबा घेऊन घरी येत. कॉलेजात मला एकदा परदेशी कॅल्क्युलेटर हवा होता. बाबांनी इथलाच घेऊन दिला, विटेएवढा. माझ्या लग्नात एका मामांनी परदेशी घड्याळाचा आहेर केला, तर मांडवात बाबांनी त्यांच्याकडे बिल मागितलं. त्या दिवशी मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. आता तोच माणूस माझ्या गॅरेजमध्ये बादलीवर बसला होता, आणि टेक्सासच्या उन्हात दर खेपेला तीन मैल चालला होता ते मी चोर आहे असं वाटून. चोराच्या गाडीत, मग तो पोटचा का असेना, बसायचं नाही.

बाबा हसले नाहीत. त्यांनी इंग्रजी-मराठी शब्दकोश मागवला. बायकोनं आणून दिला. त्यांनी बोट फिरवत शब्द काढला. "कस्टम. रूढी, परंपरा, रीत." चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "रूढीनं चालत आलेली गाडी?"

"तसं नाही बाबा. दुकानात तयार सदरा मिळतो ना? आणि आपण शिंप्याकडे माप देऊन शिवून घेतो तो वेगळा. ही तशी. मापानं शिवलेली."

"शिंपी कोण?"

"मी."

"मग तसं लिही की सरळ," बाबा म्हणाले. "खात्याचं नाव कशाला घालतोस त्यात?" आणि उठून, "सकाळी सहाला ऊन नसतं. काय काय केलंस ते दाखव मला. सगळं."

सकाळी सहाला बाबा पँट-शर्ट घालून, केस नीट विंचरून हजर होते. हातात माझं पिवळं पॅड, मध्ये घातलेला कार्बन, दोन पेनं. पॅडवर पट्टीनं रकाने आखलेले. मला एकदम माझं बालपण आठवलं, कारण रविवारी ते माझा गृहपाठ असाच तपासत. मग सुरू झाली तपासणी. ते एकेका वस्तूवर पेन ठेवायचे आणि विचारायचे, "हे?"

"मी केलं."

"हे?"

"भंगारातलं. पण दुरुस्त मी केलं."

"पावती?"

पावत्यांचा बुटाचा खोका मी आणून ठेवला होता. ते पावती काढत, नंबर टाकत, टाचणी लावत आणि आपल्या कचेरीच्या इंग्रजीत नोंद करत. "गिअरची मूठ, लाकडी, एक नग, पूर्वीचं लाटणं." ही नोंद लिहिण्यापूर्वी त्यांनी ती मूठ पंज्यात धरली आणि काही वेळ तशीच धरून ठेवली. आईचं लाटणं त्यांनी ओळखलं होतं. पुढची वस्तू आली.

डाव्या दाराच्या आतल्या अस्तराची शिवण एके ठिकाणी वाकडी गेली होती. ती माझी होती, बायकोची नव्हे. ती जागा अशी खालच्या कोपऱ्यात होती की चार वर्षांत कुणाला दिसली नव्हती. बाबांना दिसली. ते लिहायला लागले.

"बाबा, राहू द्या ना. विकायचीय आपल्याला."

"असेल ते लिहायचं," बाबा म्हणाले आणि लिहिलं. 'शिवण किंचित सदोष.' इंजिनाबद्दलही सगळं लिहिलं, नंबरासकट. एकूण एक्केचाळीस नोंदी झाल्या. मी त्यांना चार वर्षांचं काम दाखवत होतो आणि ते विचारत होते तेव्हा माझ्या लक्षात आलं की इतका वेळ, इतकं बारकाईनं माझं कुठलंच काम कुणी पाहिलं नव्हतं. कंपनीत नाही, बायकोनंही नाही. मला दमल्यासारखंही झालं आणि फार बरंही वाटलं.

दहाला गिऱ्हाईक आलं. पन्नाशीचा उंच, संथ बोलणारा माणूस, जवळच्या शाळेत सुतारकाम शिकवणारा. त्यानं टोपी काढली, गाडीभोवती फिरला, खाली पाठ टेकून तळ पाहिला. उठून विचारलं, "इंजिन मूळचंच आहे?"

मी तोंड उघडायच्या आत बाबांनी यादी पुढे केली. इंग्रजीतच म्हणाले, "नोंद क्रमांक चार पाहावी." त्या माणसानं पाहिली. मग पहिल्यापासून वाचायला लागला. यादी हातात घेऊन तो एकेका वस्तूपाशी गेला आणि बाबा त्याच्यामागून, हात पाठीमागे बांधून. मला कुणी विचारतच नव्हतं. लाटण्याच्या मुठीपाशी तो थांबला, बोटांनी चाचपून लाकूड कुठलं ते विचारलं. डाव्या दाराशी वाकून सदोष शिवण शोधू लागला, पण त्याला सापडेना. शेवटी बाबांनी पेनाच्या टोकानं दाखवली.

सगळं पाहून झाल्यावर तो म्हणाला, "काम फार सुरेख आहे. पण ही ओरिजिनल नाही. लोकांना हल्ली ओरिजिनल हवी असते."

"ओरिजिनल म्हणजे?" बाबांनी विचारलं.

"कारखान्यातून आली होती तशी."

बाबांनी पेन खिशाला लावलं. "महाशय, तशी होती तेव्हा हिच्यात कोंबडी राहत होती," ते म्हणाले. "या गाडीत जे चांगलं आहे, ते सगळं यानं केलेलं आहे. मी स्वतः तपासलं आहे." आणि माझ्याकडे बोट केलं, जसं गोदामात एखाद्या पेटीकडे करत असतील.

तो माणूस मोठ्यानं हसला. चालवून बघायची म्हणाला. मी किल्ली दिली आणि शेजारी बसायला दार उघडलं. तर तो बाबांना म्हणाला, "इन्स्पेक्टरसाहेब, तुम्ही या बरोबर. गाडी तुम्हालाच ठाऊक आहे." बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "जाऊ का?" मुलाची परवानगी त्यांनी तोवर कधीच मागितली नव्हती. मी म्हटलं, "जा की." ते माझ्या गाडीत पहिल्यांदा बसले, मांडीवर पॅड घेऊन, आणि एक परका माणूस त्यांना हायवेला घेऊन गेला. मी आणि बायको ड्राइव्हवेत उभे राहिलो. त्या जागी मला बसायचं होतं. तरी इंजिनाचा आवाज कोपऱ्यावरून जाताना ऐकला आणि माझी छाती फुगली, हेही खरं.

वीस मिनिटांनी ते परत आले. बाबांचे विंचरलेले केस उभे राहिले होते आणि चेहरा असा होता की मी त्यांना तसं आधी पाहिलंच नव्हतं. ते उतरले, दार हळू लावलं, आणि त्या माणसासमोर, बायकोसमोर मराठीत म्हणाले, "फार चांगली केलीयस रे. फार चांगली." मग चष्मा पुसायला लागले. मी त्यांच्याकडे न बघता गाडीकडे बघत राहिलो, कारण दुसरं काही जमलं नसतं.

त्या सुतारमास्तरानं गाडी घेतली. घासाघीस केली नाही, फक्त गाडीबरोबर ती यादीही हवी म्हणाला. बाबांनी वरची प्रत फाडून सही करून दिली. कार्बनची प्रत आपल्याकडे ठेवली.

आम्हाला मुलगी झाली आणि दीड महिन्यानं बाबा परत गेले. त्यांचं पत्र आलं ते नेहमीसारखं निळ्या हवाईपत्राच्या कागदावर, चारी कडा भरलेलं. प्रवास ठीक झाला, पाणी दोन दिवस आलं नव्हतं, शेजारच्या काकूंनी भाकरी दिली. शेवटी लिहिलं होतं:

"सहार विमानतळावर आपल्याच खात्यातला एक नवीन पोरगा होता. मला ओळखणारा नव्हता. त्यानं विचारलं, आजोबा, काही जाहीर करण्यासारखं आणलंय का. मी आहे म्हणालो. त्यानं बॅग उघडायला सांगितली. मी वरचाच कार्बनचा कागद काढून त्याच्या हातात दिला. तो एक्केचाळीस नोंदी वाचत राहिला, माझ्यामागे रांग लागली. म्हणाला, वस्तू कुठे आहे? मी म्हटलं, वस्तू तिकडेच राहिली, आणता आली नाही. मग हे काय आहे, म्हणाला. मी सांगितलं, हे माझ्या मुलानं केलंय."